लँगडेलांचा कुलवृत्तांत

ट्रेंट लँगडेल हे नाव लॅपटॉपवर झळकलं तेव्हा ज्ञानदा रिसबूड स्वयंपाकघरात कचरा वेगळा करत होती. टोकियोतल्या निशी-कसाई भागात प्लॅस्टिकच्या बाटलीचं झाकण निराळं, लेबल निराळं आणि बाटली धुऊन निराळी. यात जरा हयगय झाली की तळमजल्यावरच्या काकू पिशवी उचलून तुमच्याच दारात आणून ठेवतात, वर हसून नमस्कारही करतात. एक लेबल अर्धं सोलून झालं होतं आणि नव्या कामाची ईमेल आली. अमेरिकन गृहस्थ, बारा वर्षं टोकियोत, घराण्याचा मूळ पुरुष शोधून हवा आहे. खाली नाव आणि कंपनी.

ज्ञानदाने हातातली बाटली अशी चुरगळली की शेजारी गृहपाठ करणारी तन्वी दचकली.

"ममा, दाइजोबु? बरी आहेस ना?"

"काही झालं नाही. तू गणितं कर," ज्ञानदा लेकीला म्हणाली, आणि मनात म्हणाली, बरा सापडलास मेल्या.

हा लँगडेल म्हणजे तिच्या नवऱ्याचा, अवधूतचा, जुना साहेब. तीन वर्षांपूर्वी कावासाकीच्या ऑफिसात अवधूत औषधं पोचवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची सिस्टिम बांधत होता. शेवटची चाचणी व्हायची होती. अवधूतने मीटिंगमध्ये सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत गाठून सांगितलं, निघताना लिफ्टपाशी पुन्हा सांगितलं, की चाचणीशिवाय हिला हात लावायचा नाही. लँगडेल म्हणाला, "चालू कर. जबाबदारी माझी." सिस्टिम चालू झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कोसळली. औषधांच्या गाड्या गोदामाबाहेर रांगेने उभ्या राहिल्या.

मग जपानमध्ये जे करतात ते करायची वेळ आली. मिठाईचा खोका घेऊन गिऱ्हाइकाच्या ऑफिसात जायचं, ओळीने उभं राहायचं आणि कमरेतून वाकून माफी मागायची. लँगडेल अवधूतला बरोबर घेऊन गेला. तिथे मोरिता-सान होते, त्या कंपनीचे वरिष्ठ, कमी बोलणारे, पांढऱ्या भुवयांचे. त्यांच्यासमोर लँगडेल दुभाष्यामार्फत म्हणाला, "आमच्या इंजिनियरने मला न विचारता सिस्टिम चालू केली." मिठाईचा खोका अवधूतच्याच हातात होता. त्याने तो खाली ठेवला आणि तो वाकला. लँगडेल शेजारी ताठ उभा. परतीच्या ट्रेनमध्ये तो अवधूतला म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. आम्हा अमेरिकनांना ते वाकणं जमत नाही, नाटकी दिसतं. तुम्हा लोकांना शोभतं."

तुम्हा लोकांना शोभतं! ज्ञानदा हे वाक्य भाजी चिरताना आठवायची, तन्वीची वेणी घालताना आठवायची. अवधूत तिथल्या तिथे का बोलला नाही, असं कुणीही विचारेल. गिऱ्हाइकासमोर साहेबाला खोटं पाडायचं नसतं हे त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, आणि व्हिसा कंपनीच्या हातात होता. त्याने शब्द गिळले. गिळूनही काही उपयोग झाला नाही, दोन महिन्यांत कंपनीने त्याला नारळ दिला. आता तो एका लहानशा कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधत बसतो. पण ते सगळं एकवेळ ज्ञानदाने सोसलं असतं. त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, कुणीतरी हसत म्हणालं, "औषधांच्या गाड्या थांबवणारे रिसबूड ते हेच का?" आरतीला सगळ्यांत खणखणीत आवाज अवधूतचा असायचा. त्या दिवसापासून त्याने मंडळात पाऊल टाकलं नाही.

ज्ञानदाला लँगडेलची नोकरी जायला नको होती. त्याचं दिवाळं निघायलाही नको होतं. तिला एकच हवं होतं. ज्या मोरिता-सानांसमोर तिचा नवरा वाकला, त्यांच्यासमोर लँगडेलने कमरेतून वाकावं आणि दोष माझा होता असं म्हटलं जावं. त्याशिवाय ती मरायलासुद्धा तयार नव्हती.

आता हे घराण्यांचं काम तिच्याकडे कसं आलं तेही सांगायला हवं. ज्ञानदा माहेरची बिवलकर, आणि तिचे बाबा बिवलकरांच्या कुलवृत्तांताचे संपादक. लहानपणीच्या तिच्या सगळ्या सुट्ट्या एसटीने कोकणातली गावं पालथी घालण्यात गेल्या. दुसऱ्यांच्या ओटीवर बसून बाबा विचारायचे, तुमचे खापरपणजोबा कोण, आणि ती पन्हं पीत उत्तरं ऐकायची. जपानला आल्यावर आधी ती भाषा शिकली, दुभाषी म्हणून उभी राहिली, आणि मग अमेरिकेतली घराणी शोधून देणाऱ्या एका कंपनीचं काम घरून करू लागली. बाबा म्हणायचे, वंशावळ लिहायची वरून खाली, पण शोधायची खालून वर. वरून शोधायला घेतली की प्रत्येकाला आपण पेशव्यांच्या पंगतीतले वाटायला लागतो.

कामासाठी ती माहेरचंच नाव लावायची. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर लँगडेलने तिला ओळखायचा प्रश्नच नव्हता. रिसबूड असं सांगितलं असतं तरी त्याला काही कळलं नसतं म्हणा. ऑफिसात अवधूतला त्याने कायम 'एव्ही' म्हटलं होतं.

"आमचा मूळ पुरुष कर्नल एडमंड लँगडेल," तो खुर्चीत रेलून म्हणाला. "इंग्रजांच्या काळातला व्हर्जिनियातला जमीनदार. नदीकाठी हजारो एकर तंबाखू. मला तो आणि मी, यांच्यामधल्या सगळ्या कड्या जोडून हव्यात."

"कशासाठी, विचारू का?"

"एक मोठं कॉन्ट्रॅक्ट पुन्हा व्हायचंय. समोरचे मोरिता-सान जुन्या घराण्यातले आहेत, त्यांच्याकडे कित्येक पिढ्या सोयाबीन आंबवून मिसो करतात. त्यांना जुनी घराणी आवडतात. मी जेवण ठेवणार आहे. जेवणानंतर तुमचा वृत्तांत वाचायचा."

मोरिता-सानांचं नाव ऐकून ज्ञानदाने टेबलाखाली स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. चेहऱ्यावर मात्र तिने व्यवसायाला साजेसं हसू ठेवलं. अवधूतला तिने काही सांगितलं नाही. तो भला माणूस, त्याने हे काम परत पाठवायला लावलं असतं.

ती खालून वर निघाली. ट्रेंटचा बाप ओहायोत विमा विकायचा, आजा लोहमार्गावर होता, त्याच्या वरचे शेतकरी. चर्चमधल्या नोंदी, थडग्यांवरची नावं, जमिनींचे व्यवहार, असं करत ती पिढ्या चढत गेली आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला व्हर्जिनियात पोचली. तिथे ट्रेंटच्या सरळ रेषेत एक टॉम लँगडेल उभा होता. आता एवढंच उरलं होतं, की हा टॉम कर्नलचा कोण.

कर्नलला तीन मुली होत्या. मुलगा एकही नव्हता. भाऊ नव्हता, पुतण्या नव्हता, दत्तकही नव्हता. मग टॉम आला कुठून? ते कळलं जुन्या कोर्टातल्या एका खटल्यावरून. टॉम हा कर्नलने जहाजाचं भाडं भरून इंग्लंडहून आणलेला गडी. भाड्याची फेड म्हणून ठरावीक वर्षं राबायचं, मग सुटका. असा एकेक माणूस आणला की आणणाऱ्याला सरकारकडून पन्नास एकर जमीन मिळे. कर्नलचे हजारो एकर असे माणसांच्या डोक्यांवर उभे होते, आणि त्यातलं एक डोकं टॉमचं.

खटला होता तंबाखूच्या कोठाराचा. कोठाराखाली धुनी लावून पानं सुकवायची असत. जहाज निघायच्या आत माल हवा म्हणून कर्नलने वारा सुटलेला असताना धुनी वाढवायला सांगितली. टॉम म्हणाला, वारा पडू द्या. कर्नल म्हणाला, वाढव. कोठार जळून खाक झालं. कर्नलने कोर्टात सांगितलं, गड्याने मला न विचारता आग वाढवली. शेजारच्या एका विधवेने शपथेवर साक्ष दिली की हुकूम कर्नलचा होता, मी माझ्या कानांनी ऐकला. कोर्टाने तिचं ऐकून घेतलं आणि टॉमला खांबाला बांधून फटके मारायला लावले. वर त्याची राबायची वर्षंही वाढवली. पुढे सुटका झाली तेव्हा टॉमचं स्वतःचं आडनाव कुठल्याच कागदावर नव्हतं. लोक म्हणत, लँगडेलकडचा टॉम. तेच नाव पोरांना चिकटलं.

ज्ञानदा खुर्चीतून उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी प्यायली. हुकूम साहेबाचा आणि फटके गड्याला! तिला वाटलं, त्या मेलेल्या विधवेने आपल्यालाच हाक मारली. मग तिला हसू फुटलं. जमीनदाराचा वंशज म्हणून मिरवणारा हा गृहस्थ जमीनदाराच्या गड्याच्या पोटचा निघाला होता. बाबांच्या कुलवृत्तांतात एखाद्या घरापुढे 'ही शाखा मूळ पुरुषाशी जुळत नाही' एवढं एक वाक्य छापून आलं तर माणसं वकील घेऊन दारात यायची. एक आजोबा तर आमच्या घरासमोर उपोषणाला बसले होते, असं ती अजून सांगते. लँगडेलचं नाक ती असंच कापणार होती, भर पंगतीत, मोरिता-सानांच्या देखत.

तिने लँगडेलला नुसता कर्नलबद्दलचा भाग पाठवला. बाकीचं टेबलावरच ऐका, गंमत राहू द्या, असं कळवलं. त्याला गंमत फार आवडायची. आणि ऑफिसच्या दुभाषी ओनो-सान यांना जमीन-तंबाखूचे जुने शब्द जड जातील, तर जपानीत मीच सांगेन, असंही सुचवलं. तो लगेच हो म्हणाला. बारा वर्षं टोकियोत काढून या माणसाला बिल मागण्यापलीकडे जपानी येत नव्हतं.

शनिवारी दुपारी, बागेकडे काचा असलेल्या हॉटेलातल्या लांब टेबलावर जेवण झालं. एका बाजूला मोरिता-सान आणि त्यांचे सहकारी, दुसऱ्या बाजूला लँगडेलच्या ऑफिसची मंडळी, टोकाला ओनो-सान. या ओनो-सान अवधूत असल्यापासून त्या ऑफिसात होत्या. ज्ञानदा काळा सूट घालून लँगडेलच्या शेजारी उभी राहिली. थोडं इंग्रजीत, मग तेच जपानीत, अशी ती सांगत गेली. कर्नलच्या हजारो एकरांवर मोरिता-सानांनी आदराने मान हलवली. लँगडेल खुशीत होता. मग ती खाली उतरली, टॉमपाशी आली, कोठार पेटवलं, फटके मारवले, आणि शेवटी सावकाश म्हणाली, "लँगडेल-सानांची शाखा कर्नलशी जुळत नाही. ते या गड्याचे वंशज आहेत."

तिने लँगडेलच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या क्षणासाठी तिने सगळं केलं होतं.

तो चेहरा घटकाभर कोरा झाला. आणि मग लँगडेलने टेबलावर थाप मारली, खो खो हसला, पेला उचलून उभा राहिला.

"एक गडी! म्हणजे आम्ही शून्यातून वर आलो!"

त्याच्या ऑफिसच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. ज्ञानदाच्या पायाखालची जमीन सरकली. इतक्या अमेरिकन घराण्यांची कामं करून एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. कोकणात ज्या वाक्यावर माणसं उपोषणाला बसतात, ते त्या देशात पेला उंचावून मिरवतात. तिने चांगला घासून सुरा नेला होता आणि समोरच्याने त्याच सुऱ्याने लोणी लावून पाव खाल्ला. स्वतःच्या मूर्खपणाचा तिला असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

लँगडेलला आता जोर चढला होता. "टॉमने मालकाचा दोष आपल्या पाठीवर घेतला," तो म्हणाला. "तोंडातून शब्द काढला नाही. मी त्याच रक्ताचा आहे. मोरिता-सानांना आठवत असेल. तीन वर्षांपूर्वी एका इंजिनियरने चूक केली आणि त्याचे फटके मी खाल्ले. कंपनीचं नाव गेलं, मी तक्रार केली नाही. असा माणूस तुमच्याबरोबर काम करतोय!" आणि भाषांतर व्हावं म्हणून तो थांबला, हसऱ्या चेहऱ्याने ज्ञानदाकडे वळून.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अवधूतला वाकवलं ते वाकवलं, वर आता त्याच्या पाठीवरचे फटकेही हा चोरणार होता!

दुभाष्याच्या कामाची एक रीत आहे. 'हे म्हणतात की' असं म्हणायचं नसतं. माणूस 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. ज्ञानदाने ती रीत काटेकोर पाळली.

"टॉमची गोष्ट ऐकून मला लाज वाटली," ती स्वच्छ, सावकाश जपानीत म्हणाली. "मोरिता-सानांना आठवत असेल. तीन वर्षांपूर्वी सिस्टिम कोसळली तेव्हा त्या गोष्टीतला कर्नल मी होतो. चाचणीशिवाय चालू करायचा हुकूम माझा होता. रिसबूड अवधूत-सान मला पुन्हा पुन्हा अडवत होते. तरी तुमच्यासमोर मी खोटं बोललो, त्यांना वाकायला लावलं आणि स्वतः ताठ उभा राहिलो. दोष माझा होता. आज मला माफी मागायची आहे."

टेबलावर कुणाची चॉपस्टिकही वाजेना. मोरिता-सानांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. टेबलाच्या टोकाला ओनो-सान होत्या, ज्यांना दोन्ही भाषा येत होत्या. त्यांच्या शेजारी ऑफिसची दोन पोरं होती, त्यांनाही येत होत्या, बाकी कुणाला नाही. ज्ञानदाने त्या तिघांकडे पाहिलं. त्यातलं कुणीही उठून म्हणालं असतं, की हे असं बोललेच नाहीत. पोरांनी ओनो-सानांकडे पाहिलं. ओनो-सान मान खाली घालून रुमालाची घडी घालत राहिल्या.

"काय झालं?" लँगडेल हळूच म्हणाला. "सगळे गप्प का?"

"फार भिडलं त्यांना," ज्ञानदा इंग्रजीत म्हणाली. "आता तुम्ही वाकायचं. कमरेतून. मी सांगेपर्यंत वर यायचं नाही."

"मला ते जमत नाही. नाटकी दिसतं."

"कॉन्ट्रॅक्ट समोर बसलंय, लँगडेल-सान. तुम्हाला शोभेल."

त्याने मोरिता-सानांकडे पाहिलं, कोटाचं बटण लावलं आणि तो वाकला. आधी थोडा, मग ज्ञानदा काही बोलेना म्हणून आणखी, मग आणखी. त्याचा टाय सोया सॉसच्या वाटीत बुडाला. तिने त्याला तसंच ठेवलं. मिठाईचा खोका खाली ठेवून अवधूत जितका वेळ वाकला असेल, तितका वेळ आणि वर थोडा. मग पहिल्यांदा ओनो-सान उठल्या आणि त्यांनी उलट वाकून नमस्कार केला, मग ती दोन पोरं, मग मोरिता-सान, मग अख्खं टेबल. "आता या वर," ज्ञानदा म्हणाली. लँगडेल लाल झालेला, पण हसतच वर आला, मोठा मान मिळाल्यासारखा.

निघताना कोट घेण्याच्या खोलीत ओनो-सान तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. "ओत्सुकारेसामा," एवढंच म्हणाल्या, काम संपल्यावर सहकाऱ्याला म्हणतात तसं, आणि गेल्या.

घरी आली तेव्हा ऊन अजून गॅलरीत होतं आणि अवधूत वाळलेले कपडे काढत होता. त्याच्या खांद्यावर तन्वीचा शाळेचा शर्ट होता आणि हातात फोन.

"मोरिता-सानांचा मेसेज आलाय, नंबर म्हणे ओनो-सानांनी दिला," तो म्हणाला. "सोमवारी मला भेटायला येतायत, इथे, घरी. लिहिलंय, 'तेव्हा मी आपल्याला वाकायला दिलं, त्याबद्दल.' ज्ञानदा, काय चाललंय?"

तिने सगळं सांगितलं. बॅग खांद्यावरून न उतरवता, दारातच उभी राहून सांगितलं. अवधूत ऐकत खाली बसला.

"म्हणजे तो असं काही बोललाच नाही."

"तो बोलला नाही. झालं होतं मात्र तसंच."

"त्याला कळेल गं. आज नाही तर उद्या."

"कळू दे."

"तो सगळ्यांना सांगेल की बाईने माझ्या तोंडी घातलं."

"सांगू दे की! मग त्याला हेही सांगावं लागेल, की बारा वर्षं इथे राहून मला जपानी येत नाही, आणि भर पंगतीत मी कशासाठी वाकलो ते माझं मलाच ठाऊक नाही. मोरिता-सानांच्या समोर सांगेल?"

अवधूतने खांद्यावरचा शर्ट हातात घेतला. शर्टाची बाही त्याने उलटी केली, सुलटी केली.

"तुझं काम जाईल."

"गेलं तर गेलं. दुसरं शोधीन. बाबांच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती तशीही रखडली आहे." तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर वर सरकवला. "मला विचारून करायला हवं होतंस, असं म्हणणार असशील तर आत्ताच म्हण. मी भांडायला तयार आहे."

तो तसं म्हणाला नाही. त्याने शर्टाची घडी घालून मांडीवर ठेवली. मग त्याने मान वर केली.

"किती वाकला?"

ज्ञानदाने बॅग खाली टाकली. पाय जुळवले, हात मांड्यांना चिकटवले, आणि कमरेतून वाकली. आधी थोडी, मग आणखी, मग आणखी, केस पुढे लोंबेपर्यंत.

"एवढा. आणि टाय सॉसमध्ये."

अवधूतच्या घशातून काहीतरी आवाज आला. ते हसू होतं की रडू, वाकलेली असल्यामुळे तिला दिसलं नाही.

"परत दाखव," तो म्हणाला.